होम थिएटरचा रिसीव्हर घेताय? वॉटच्या आधी अपडेटचं विचारा

टीव्हीचा आवाज पुरेना म्हणून आधी साउंडबार येतो. मग कुणाच्या तरी घरी पाच स्पीकर आणि सबवूफर ऐकायला मिळतात आणि गाडी एव्ही रिसीव्हरवर येऊन थांबते. किंमत सहज अर्ध्या लाखाच्या पुढे जाते. दुकानदार आधी वॉट सांगतो, मग चॅनेल. 'वाय-फाय, ब्लूटूथ, सगळं आहे यात' हे वाक्य जाता जाता येतं. खरं तर चौकशी तिथूनच सुरू करायला हवी.

कारण रिसीव्हरच्या एका खोक्यात दोन यंत्रं असतात. पहिलं म्हणजे अॅम्प्लिफायर: जड ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि मागे स्पीकरच्या तारा लावायची जागा. वर हवा खेळती ठेवली तर तो १५ वर्षंही आरामात चालतो. दुसरा असतो एक छोटा कॉम्प्युटर. स्पॉटिफाय, एअरप्ले, इंटरनेट रेडिओ आणि मोबाइल अॅप यांचा कारभार तो बघतो. कंपनी जोवर अपडेट देते, तोवरच त्याच्यावर विसंबता येतं. तुम्ही पैसे दोन्हींचे देता, पण म्हातारं आधी दुसरं यंत्र होतं.

हे कसं होतं, याची उदाहरणं भरपूर आहेत. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली आणि अनेक जुन्या स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब अॅप चालेनासं झालं. पॅनेल, स्पीकर सगळं ठणठणीत होतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणं अचानक बंद पडली, कारण आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गुगलने काही दिवसांत ते दुरुस्त केलं. पण दुरुस्त करायला कंपनीच जागेवर नसेल तर?

आणि या धंद्यात कंपन्यांची घरं सारखी बदलतात. ओसाकामध्ये १९४६ साली सुरू झालेली ऑन्कियो रिसीव्हरच्या बाजारातलं मोठं नाव. २०२२ च्या मे महिन्यात ऑन्कियो होम एंटरटेनमेंटने दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रँड आता दुसऱ्या मालकांकडे आहे. डेनॉन आणि मरांट्झ २०२२ मध्ये मासिमोकडे गेले (ही कंपनी मुळात रुग्णालयांसाठी उपकरणं बनवते!) आणि २०२५ मध्ये सॅमसंगच्या हार्मनकडे. यातला कुठलाच ब्रँड त्यामुळे वाईट ठरत नाही. पण खोक्यावरचं नाव तेच असलं तरी अपडेटची जबाबदारी कुणाची, हे बदलू शकतं.

अपडेट थांबले तर फक्त गाणी थांबतात असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओलिगो या सुरक्षा कंपनीने एअरप्लेमधल्या 'एअरबॉर्न' नावाच्या त्रुटी जाहीर केल्या. त्याच वाय-फायवर असलेला हल्लेखोर त्यांतल्या काहींचा वापर करून उपकरणाचा ताबा घेऊ शकत होता. अॅपलने स्वतःची उपकरणं दुरुस्त केली. इतर कंपन्यांचे स्पीकर आणि रिसीव्हर मात्र त्या त्या कंपनीने अपडेट दिला तरच सुरक्षित होणार होते. ज्या वाय-फायवर तुमचं बँकेचं काम चालतं, त्याच वाय-फायवर हे खोकंही बसलेलं असतं.

अपडेटनेही न सुटणारी गोष्ट

चूक थेट चिपमध्ये असेल तर अपडेटही हात टेकतो. २०२० मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाचे नवे '८के' रिसीव्हर बाजारात आले. त्यांना एक्सबॉक्स सिरीज एक्स जोडून ४के, १२० हर्ट्झवर गेम लावला की पडदा काळा. दोष एचडीएमआय २.१ च्या चिपमध्ये होता. डेनॉन-मरांट्झने ग्राहकांना मध्ये जोडायला एक छोटा डबा मोफत दिला, यामाहाने बोर्ड बदलून देण्याचा मार्ग काढला. सगळ्यात आधी रांग लावणाऱ्यांनाच याचा फटका बसला. म्हणून नव्याकोऱ्या मॉडेलला सहा महिने देणं शहाणपणाचं. गेमिंग करणाऱ्यांनी '८के' या शिक्क्यावर न जाता पोर्ट किती गिगाबिटचं आहे ते विचारावं. २४ आणि ४० असे दोन्ही प्रकार मिळतात.

फक्त ओटीटी बघणाऱ्यांना यातलं फारसं लागत नाही. नेटफ्लिक्स किंवा प्राइमवरचा अॅटमॉस आवाज साध्या एआरसी पोर्टमधूनही जाऊ शकतो. टीव्हीला जोडलेल्या ब्ल्यू-रे प्लेअरचा पूर्ण दर्जाचा आवाज रिसीव्हरपर्यंत न्यायचा असेल तर ईएआरसी हवं.

मग तपासायचं काय?

कंपनीच्या सपोर्ट पेजवर जा आणि तुम्हाला हवं आहे त्याच्या आधीचं, चार-पाच वर्षं जुनं मॉडेल शोधा. त्याला शेवटचा अपडेट कधी आला? ही एक तारीख जाहिरातीच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगते. मग प्ले स्टोअरवर कंपनीच्या अॅपचे ताजे रिव्ह्यू वाचा, एक स्टार दिलेले आधी.

दुकानात डेमो सुरू असताना वाय-फाय बंद करायला सांगा. रिमोट आणि टीव्हीवरच्या मेन्यूमधून आवाजाची सगळी सेटिंग करता येते का ते बघा. काही गोष्टी फक्त अॅपमधूनच होत असतील, तर ते अॅप गेल्यावर त्या सेटिंगही गेल्या. मागे लॅन पोर्ट आहे ना, हेही बघून घ्या. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं स्टिरिओ संगीत कुठलंही कॉम्प्रेशन न करता पाठवलं तरी सेकंदाला जेमतेम ९.२ मेगाबिट लागतात. त्यामुळे साधी केबल पुरते आणि वाय-फायसारखी अडखळत नाही. नेटवर्क स्टँडबाय सतत चालू ठेवलं तर वीज थोडी जास्त जाते. सतत ३ वॉट धरले तरी वर्षाला २६ युनिट होतात, त्याची फार चिंता नको.

वॉटबद्दल एवढंच. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले १५० वॉट बहुतेक वेळा एकच चॅनेल चालवून मोजलेले असतात. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' असं लिहिलेला आकडा शोधा, तो बराच लहान निघेल. आणि वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. फ्लॅटमधल्या हॉलसाठी ८० आणि १०० वॉटमधला फरक कानाला कळणारही नाही.

जुना, नेटवर्क नसलेला पण चांगल्या अवस्थेतला रिसीव्हर घरात असेल तर तो काढून टाकायची घाई नको. टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट त्याला जोडा आणि इंटरनेटचं काम दोन-चार हजारांच्या स्ट्रीमिंग स्टिकवर सोपवा. अॅटमॉस मिळणार नाही, ५.१ मिळू शकेल. चार वर्षांनी ती स्टिक जुनी झाली, तर बदलायची फक्त स्टिक.