शिकता शिकता देशाटन

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडते. देशाटनाला पैसा लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ते ज्याचे त्याला कळते. युरोपात शिकणारी मुले सुटी लागली की पाठीवर पिशवी टाकून चार देश हिंडून येतात, त्यांची छायाचित्रे इकडे घरी पोचतात, आणि घरात दोन तट पडतात. आई म्हणते, पोर जग पाहते आहे. बाप म्हणतो, कर्ज काढून पाठवले ते शिकायला, हिंडायला नव्हे. ज्या कामगारवस्त्यांत आम्ही आयुष्य काढले, तेथूनही आता मुले जर्मनीला नि फ्रान्सला जाऊ लागली आहेत. म्हणून हा वाद आमच्याही कानांवर येतो. त्याचा निवाडा करण्यापूर्वी ही भ्रमंती चालते कशी, ते पाहू.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातील उमरावांची मुले शिक्षणाचा शेवट म्हणून फ्रान्स-इटलीचा दौरा करीत. बरोबर शिक्षक असे, नोकर असे, आणि घरून येणारा पैसा असे. पण त्याच काळात युरोपच्या रस्त्यांवरून दुसरेही तरुण चालत होते. जर्मन मुलखात सुताराची, गवंड्याची उमेदवारी संपली की त्याने गाव सोडावे आणि ठिकठिकाणी काम करीत हिंडावे, असा दंडक होता. थोडे कारागीर तो आजही पाळतात. तीन वर्षे आणि एक दिवस बाहेर राहायचे. आपल्या गावापासून ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचे नाही. निघताना लग्न झालेले नसावे आणि अंगावर कर्ज नसावे. ही कर्जाची अट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आजचा विद्यार्थी उमरावाच्या मुलापेक्षा या सुताराचाच वारस अधिक आहे.

त्याची भ्रमंती चार खांबांवर उभी आहे. पहिला खांब निवाऱ्याचा. रिखार्ड शिरमान हा जर्मनीतील एक शाळामास्तर. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेला असता तो वादळात सापडला आणि रात्री एका शाळेच्या इमारतीत आसरा घ्यावा लागला. सुटीत शाळा ओस पडतात, मग त्यांत प्रवासी मुलांची सोय का करू नये, हा विचार त्याला तेथे सुचला. त्यातून आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात १९१२ साली पहिले कायमचे युवा-निवास उघडले. एका दालनात सहा-आठ जण, खाटांवर खाटा, सामाईक स्वयंपाकघर, आणि भाडे विद्यार्थ्याला झेपेल असे; ही पद्धत पुढे जगभर पसरली.

दुसरा खांब तिकिटाचा. येथे कामगार चळवळीचे ऋण मान्य केले पाहिजे. फ्रान्समध्ये १९३६ च्या प्रचंड संपांनंतर कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. आणि नुसती रजा घेऊन काय करणार, म्हणून रेल्वेभाड्यात ४० टक्के सूट देणारे तिकीटही निघाले. सामान्य माणसाचा प्रवास ही सरकारने पाहण्याची बाब आहे, हे तत्त्व तेथे रुजले. तरुणांसाठी १९७२ साली ‘इंटररेल’ नावाचा पास सुरू झाला. तेव्हा तो २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २१ देशांत चालत असे. आज तो सर्व वयांना मिळतो. २७ वर्षांपर्यंत दर कमी. आपला विद्यार्थी तेथील रहिवासी परवाना घेऊन राहत असेल, तर तोही त्यास पात्र ठरतो. मात्र फ्रान्स, स्पेन, इटली येथील वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. मध्यरात्रीपूर्वी रात्रीची गाडी पकडून सकाळी उतरले, तर पासातला एकच दिवस खर्ची पडतो आणि झोपण्याचे भाडे वाचते. मुले रात्रीच्या गाड्यांनी का हिंडतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

तिसरा खांब सीमेचा. लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी १९८५ साली पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. तो १९९५ साली अमलात आला. आज त्यात २९ देश आहेत. यांपैकी एका देशाचा रहिवासी परवाना असलेला भारतीय विद्यार्थी इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत हिंडू शकतो. पारपत्र आणि परवाना जवळ बाळगला म्हणजे झाले. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र या कुंपणाबाहेर आहेत. तेथे जायचे तर वेगळी परवानगी काढावी लागते.

चौथा खांब सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे अभ्यासाची मान्यता. सोफिया कोर्राडी ही इटलीची विद्यार्थिनी १९५८ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन रोमला परतली. तेथील विद्यापीठाने ती पदवी जमेस धरण्याचे नाकारले. बाहेर शिकून घालवलेले वर्ष म्हणजे वाया गेलेले वर्ष, असा तो न्याय! या बाईंनी तो निमूटपणे गिळला नाही. अनेक वर्षे अर्ज, टिपणे, बैठका यांचा पाठपुरावा त्यांनी केला. १९८७ साली ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली; पहिल्या वर्षी ११ देशांतून ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर या योजनेने बाहेर पाठवलेल्यांचा आकडा दीड कोटीच्या पुढे गेला आहे. यजमान विद्यापीठ शिक्षण-शुल्क घेत नाही, आणि तेथे मिळवलेले श्रेयांक घरच्या विद्यापीठात धरले जातात. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. २०१४ पासून व्यवसायशिक्षण घेणारे उमेदवारही याच छत्राखाली जातात. सुताराचा मुलगा पुन्हा रस्त्यावर आला, याचे आम्हांस विशेष समाधान वाटते.

चारही खांब उभे असले, तरी त्यांच्यावरचे छप्पर सर्वांना पुरत नाही. मिळणाऱ्या अनुदानात महागड्या शहरातला खर्च भागत नाही. उरलेला घरून यावा लागतो. ज्याला सुटीत कामावर उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही, त्याची सुटी कामातच जाते. आपल्या मुलांची अडचण याहून मोठी. सुताराला निघताना कर्ज नसण्याची अट होती. आपला विद्यार्थी कर्ज डोक्यावर घेऊनच निघतो. त्यात काम करण्यालाही मर्यादा. जर्मनीत २०२४ पासून त्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. फ्रान्समध्ये ९६४ तास. याहून अधिक काम केले तर परवाना धोक्यात येतो, आणि नेमकी हीच भीती दाखवून काही मालक त्याला हिशेबाबाहेर, कमी पैशांत राबवतात. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे आणि उपाहारगृहात बशा धुणारा विद्यार्थीही त्यात येतो. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली उमेदवारी मात्र वगळलेली आहे. हे आपल्या मुलाला निघण्यापूर्वी सांगा. कामाचा करार लेखी घे, तासांची नोंद स्वतः ठेव, आणि अडचण आली तर तेथील कामगार-संघटनेचे दार ठोठाव, एवढे तीन शब्द त्याच्या शिदोरीत बांधून द्या.

आता घरातल्या वादाकडे वळू. बापाची काळजी खोटी नाही; हप्ता त्यालाच भरायचा असतो. पण परीक्षा देऊन, नियमात राहून केलेल्या कामातून चार पैसे बाजूस टाकून मुलगी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या देशात गेली, आठ खाटांच्या दालनात तीन देशांच्या मुलींशेजारी झोपली, आणि त्यांच्या घरांतही हप्त्याची हीच काळजी आहे हे तिला समजले, तर तो खर्च उधळपट्टीच्या खात्यात मांडू नये. ज्या रस्त्यांवरून एके काळी उमरावांच्या गाड्या धावल्या, ते मास्तरांनी, संपकऱ्यांनी आणि एका हट्टी बाईने सामान्यांच्या पोरांसाठी मोकळे केले. त्या रस्त्यावर चालण्याचा आपल्या मुलांचाही हक्क आहे. तो त्यांना कर्जाच्या ओझ्याखाली वाकून बजावावा लागू नये, यासाठी शिष्यवृत्त्या वाढल्या पाहिजेत, आणि ही मागणी एकेकट्या बापाने बँकेच्या दारात न करता सर्वांनी मिळून केली पाहिजे.