कुंकळ्ळीचा माल्ट, हसापूरची फेणी

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे गोव्यात एकच चर्चा सुरू झाली, स्कॉच किती स्वस्त होणार. १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ वर आणि पुढच्या दहा वर्षांत ४० वर येणार, हे आकडे डिचोलीच्या बाजारात भाजी घ्यायला आलेल्या माणसालाही पाठ झाले. मला झोंबली ती बातमीतली दुसरी ओळ. नाशिकची वाईन आणि केरळची ताडी यांच्यासोबत गोव्याची फेणीही आता ब्रिटनच्या दुकानांत पोचेल, असे दिल्लीने मोठ्या अभिमानाने सांगितले होते. पोचावी, जरूर पोचावी. पण पाठवणार कोण? पेडणे तालुक्यातल्या किती गावांत अजून फेणीची भाटी पेटते, हे पाहायला मार्चमध्ये कुणी अधिकारी आला असता, तर ती ओळ लिहिताना त्याचा हात थबकला असता.

त्या बातमीने मला मागच्या दशकाकडे ओढत नेले. २०१२ ते २०२२. या दहा वर्षांत गोव्याने सिंगल माल्ट बनवायला आणि प्यायला शिकून घेतले आणि त्याच दहा वर्षांत स्वतःच्या डोंगरावरचे मद्य हातचे घालवले.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पोर्तुगीज अमदानीत परदेशी स्कॉच कशी सहज मिळत असे, याच्या आठवणी जुन्या घरांतून ऐकायला मिळतात. मला त्यांत कधी रस वाटला नाही. गोवा मुक्तीनंतरची चाळीस वर्षे व्हिस्की या नावाने आपण बहुतांशी उसाच्या मळीपासून काढलेले स्पिरिट प्यालो. युरोपात ज्याला व्हिस्की म्हणून विकायला कायदा परवानगी देत नाही, ते आपल्याकडे लग्नाच्या मांडवामागे वाटले जात होते. फोंड्यात मॅक्डॉवेलचा सिंगल माल्ट तयार होत असे, पण गोव्यातल्या पिणाऱ्यांनी त्याची दखल घेतल्याचे मला आठवत नाही. मग चीनला लोहखनिज हवे झाले. डिचोलीच्या रस्त्यांवर लाल धूळ उडवत ट्रकांच्या रांगा लागल्या, नव्या बंगल्यांत काचेची कपाटे आली आणि त्या कपाटांत ब्लू लेबलच्या बाटल्या उभ्या राहिल्या. त्या काळात लोक किंमत पीत होते. आतली चव कशी आहे, हे त्यांतल्या कुणी बोलल्याचे मी ऐकले नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शिरगाव, मुळगाव, पिळगाव एका पंधरवड्यात मुके झाले. त्याच ऑक्टोबरात लंडनमध्ये एक नवा सिंगल माल्ट बाजारात आला, पॉल जॉन. तो गाळला जात होता आमच्याच राज्यात, सासष्टीतल्या कुंकळ्ळीला. त्याच्या आठ वर्षे आधी, २००४ मध्ये, बंगळुरूच्या अमृतने आपला माल्ट थेट ग्लासगोत नेऊन ठेवला होता आणि २०१० च्या आवृत्तीत जिम मरे यांच्या व्हिस्की बायबलने अमृत फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक दिला होता. त्यामुळे भारतात माल्ट होऊ शकतो का, हा प्रश्न उरला नव्हता. गोव्यात होऊ शकतो, याचे मात्र आम्हाला नवल वाटले आणि आनंदही झाला.

खाणी बंद पडल्यावर डिचोलीत संध्याकाळी माणसांना वेळच वेळ होता. आम्ही चौघे मित्र एकत्र जमायला लागलो ते असेच: खाणीवरचा एक अभियंता, एक शिक्षक, एक डॉक्टर आणि मी. पावसाळ्यात बाहेर सरी, आत व्हरांड्यात चार पेले. बाटल्यांवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, नाव कुणाला दिसता कामा नये. सगळ्यांना सारखा, तळाशी फुगीर आणि तोंडाला निमुळता पेला. बर्फ नाही, सोडा नाही. आधी नुसता वास, मग कोरा घोट, मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा वास. पाण्याने ४६ टक्क्यांचा माल्ट उमलतो आणि ४० टक्क्यांचा बऱ्याचदा विरून जातो, हे आम्ही पुस्तकातून नव्हे, त्या व्हरांड्यात शिकलो.

पॉल जॉनचे तीन माल्ट त्या काळातले आमचे गुरू. ब्रिलियन्समध्ये धूर अजिबात नाही; मध, केळे, भाजलेले धान्य. ग्लेनलिव्हेट १२ च्या शेजारी झाकून ठेवला तेव्हा दोनदा नव्हे, दर वेळी आम्हाला ब्रिलियन्स अधिक भरीव वाटला आणि ग्लेनलिव्हेट अधिक रेखीव. एडिटेडमध्ये थोडासाच धूर, कडेकडेने फिरणारा. हा माझा आवडता, आजही आहे. बोल्ड पूर्ण धुराचा. त्याला आम्ही आर्डबेग १० समोर ठेवले. आर्डबेगचा धूर समुद्राकडून येतो, त्याला मीठ आणि लिंबू लागलेले असते. बोल्डचा धूर उन्हात तापलेला, गुळासारखा गोड. डॉक्टर लाफ्रोइगच्या बाजूचा, कारण त्याला त्यात आयोडिनचा वास ओळखीचा वाटे. अभियंत्याने टालिस्कर १० ची मिरी शेवटपर्यंत सोडली नाही. परदेशी माल्टांत मला विचाराल तर लागाव्हुलिन १६ च्या वर मी कुणाला बसवत नाही. पण तो १६ वर्षांचा आहे, आणि कुंकळ्ळीचा माल्ट त्याच्यासमोर खाली मान घालत नव्हता, जेमतेम पाच-सहा वर्षांचा असूनही.

याचे कारण आपली हवा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात आठ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे कुंकळ्ळीच्या कोठारात १८ वर्षे पिंप ठेवले, तर उघडल्यावर तळाशी फार थोडे मिळेल. पण त्याच उष्म्यामुळे लाकूड आणि दारू यांचा व्यवहार झपाट्याने होतो. बाटलीवर वयाचा आकडा शोधणाऱ्यांना हे पटवणे फार कठीण गेले. पणजीच्या एका जुन्या क्लबात एका प्रतिष्ठित गृहस्थाने एडिटेडचा पेला न हुंगताच बाजूला सारला होता, ‘देशी ती देशीच’ म्हणून. त्याच गृहस्थाला पुढे एका घरी आम्ही तोच माल्ट नाव झाकून दिला आणि त्याने तो स्पेसाइडचा ठरवला, दुसरा पेलाही मागितला. त्या माणसाने निदान चूक कबूल केली असती, तर मी आज हे लिहिले नसते. तो अजूनही नवशिक्यांना तेच शिकवतो.

शिक्षक मित्राने एका पावसाळ्यात एक प्रश्न टाकला, तेव्हा आमची बैठक थोडी अवघडली. कुंकळ्ळीच्या माल्टात गोव्याचे काय, असे त्याने विचारले. सहा ओळींचे सातू उत्तरेकडून येते. धुरासाठी लागणारे पीट स्कॉटलंडहून येते. पिंपे अमेरिकेतून, कारण तिथल्या कायद्याने बर्बन दर वेळी नव्या पिंपातच मुरवावी लागते आणि वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. गोव्याचे पाणी, गोव्याची हवा आणि माणसांचे हात. मायकल डिसोझांसारख्या मास्टर डिस्टिलरने एवढ्या सामग्रीतून जे उभे केले, त्याबद्दल मला आदरच आहे; हवा आणि हात या लहान गोष्टी नव्हेत. तरीही मित्राचा प्रश्न चोख होता. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. पुढच्या बैठकीला तो कागदात गुंडाळलेली पाचवी बाटली घेऊन आला.

रंग पाण्यासारखा, म्हणून पेले कपड्याने झाकूनच दिले. पहिला वास अंगावर येणारा. थोडे थांबल्यावर पिकलेल्या फळाचा, मग ओल्या पानांचा, मग मिरीचा. घोटाला तेलकट गोलाई आणि मागे बराच वेळ रेंगाळणारी खारट कड. डॉक्टर म्हणाला, ही जमैकाची रम असावी. अभियंता गप्प राहिला. मी त्या संध्याकाळी तिला एडिटेडच्या बरोबरीने गुण दिले. ती हसापूरच्या एका भाटीवरची, पाच वर्षे काचेत राहिलेली फेणी होती.

तिथून आमचे दशक वळले. मार्च ते मे आम्ही पेडणे आणि डिचोलीच्या भाट्या धुंडाळू लागलो: हसापूर, इब्रामपूर, चांदेल, इकडे सर्वण, नार्वे, मये. माल्टासाठी शिकलेली शिस्त फेणीला लावली आणि जे हाती आले, त्याने मी थक्क झालो. झाडावरून तोडलेले काजूचे बोंडू चालत नाही, पिकून आपोआप खाली पडलेलेच उचलायचे. ते तुडवायचे, रस मातीच्या नाहीतर आता प्लास्टिकच्या पिंपात आंबवायचा, त्यात खमीर घालायचे नाही. फळाच्या सालीवर आणि हवेत जे आहे, तेच रस फसफसवते. मग तांब्याचे भाण, खाली लाकडाची आग, थंड पाण्यात बसवलेले धार झेलणारे भांडे, म्हणजे लावणी. पहिल्या गाळणीला हुर्राक, जेमतेम पंधरा टक्क्यांची, उन्हाळ्यातच संपवायची. ती पुन्हा गाळली की फेणी, तिची तीव्रता ग्राव या मापात मोजायची, बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास. आग जरा जास्त झाली, तर करपल्याचा वास वर्षभर जात नाही. सर्वणच्या भाटीची फेणी धारदार, जिभेच्या टोकावर बसणारी; हसापूरची गोल, फळाकडे झुकणारी; इब्रामपूरला एका वर्षी अशी मिळाली की तिच्यात पहिल्या पावसाच्या मातीचा वास होता, पुढच्या वर्षी तो नव्हता. स्कॉटलंडमध्ये दोन शेजारी डिस्टिलऱ्यांमधल्या एवढ्याशा फरकावर ग्रंथ लिहिले जातात. इथे बाटलीवर गावाचे नावसुद्धा नसते. बहुतेकदा बाटलीच नसते. तावेर्नमध्ये सगळ्या भाट्यांचा माल एकाच डब्यात ओततात आणि त्यात स्पिरिट मिसळणारेही कमी नाहीत. फेणीला उग्र म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बहुधा तीच प्यालेली असते.

कायद्याने तिला कसे वागवले, तेही पाहा. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी ती ‘देशी दारू’च्याच रकान्यात होती, त्यामुळे राज्याबाहेर तिची वाट बंद. कुंकळ्ळीचा माल्ट २०१२ मध्ये लंडनला गेला, पण हसापूरची फेणी पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला रीतसर विकायला जाऊ शकत नव्हती. २०१६ मध्ये अबकारी कायदा बदलून तिला वारसा पेयाचा मान दिला गेला. फेणी धोरण आले ते २०२१ मध्ये. या प्रत्येक घोषणेनंतर वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. भाटीवाल्याला मात्र दर वर्षी काजूच्या विभागाच्या पावणीत, म्हणजे लिलावात, बोली लावायची, मजूर शोधायचे, बियांचा भाव पडला की कपाळाला हात लावायचा, हे चुकले नाही.

आणि मग मोपा. मोपाच्या पठाराबद्दल शांतपणे लिहिणे मला आजही जमत नाही. मोपा, वारखंड, उगवे, कासारवर्णे, चांदेल या गावांच्या माथ्यावरची जमीन विमानतळासाठी गेली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, कारण अभ्यासात बऱ्याच गोष्टी लपवल्या किंवा गाळल्या गेल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून ती पुन्हा खुली झाली. पन्नास हजारांहून अधिक झाडे या प्रकल्पात मोजली गेली. त्यांत काजू होते, आणि ज्यांचे काजू होते, त्यांच्याकडे भाट्या होत्या. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, पुढच्या जानेवारीत विमाने उतरू लागली. पठाराखालच्या ज्या भाटीवाल्याकडून आम्ही दर मे महिन्यात फेणी घेत असू, त्याचा मुलगा आता टॅक्सी चालवतो. त्याला मी दोष देत नाही. महिन्याला ठरलेला पैसा येतो आणि डोळ्यांत धूर जात नाही. पण त्याच्या बापाला आग कधी ओढायची, पहिली धार कधी बाजूला काढायची, फेस पाहून ग्राव कसा ओळखायचा, हे ठाऊक होते. ते कुणी लिहून घेतले नाही. आता तो हयात नाही.

गेल्या हिवाळ्यात पेडण्यातल्या एका नव्या हॉटेलात गेलो होतो. फळीवर माल्ट भरपूर; इंद्री, गोदावन, अमृत, पॉल जॉन, शेजारी स्कॉटलंडची फौज. हे चित्र पाहायला आम्ही २०१२ मध्ये किती आतुर होतो. भारतीय माल्ट स्कॉचच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत, याचा मला खरोखर आनंद आहे. २०२१ च्या व्हिस्की बायबलात कुंकळ्ळीच्या मिथुना या माल्टाला जगात तिसरे स्थान मिळाले, तेव्हा आम्ही चौघांनी तो दिवस साजरा केला होता. त्या हॉटेलात मी फेणी मागितली. ज्या डोंगराच्या उतारावर हॉटेल उभे आहे, तिथलीच मागितली. वाढणाऱ्या मुलाने ती ठेवत नाही म्हणून सांगितले, पाहुण्यांना वास आवडत नाही. त्यानेच पुढे मला आर्डबेगचे वर्णन ऐकवले, जळके लाकूड, डांबर, औषधाचा वास. त्याला ते कुणीतरी शिकवले होते.

इथेच माझी तक्रार आहे. डांबराच्या वासाला गुण म्हणायला ज्याला शिकवता येते, त्याला बोंडवाच्या वासाबद्दलही शिकवता येईल. ते शिकवण्यासाठी पैसा लागत नाही, भाटीवर जाऊन उभे राहावे लागते. करारात फेणीचे नाव घालणाऱ्यांनी येत्या मार्चमध्ये तेवढे करावे. पेडणे आणि डिचोलीतल्या पेटत्या भाट्यांची गावनिहाय यादी करावी, प्रत्येक बाटलीवर गाव आणि हंगाम छापणे बंधनकारक करावे, भेसळ करणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा. हसापूरला ती एक भाटी अजून आहे. मालक सत्तरीच्या पुढे गेला आहे आणि यंदाची पावणी घेईन की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही.