संगणकांची सामाईक भाषा

मुलांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि एस.टी.च्या तिकीट खिडकीपाशी मराठी बोलता. समोरच्याला समजेल अशी भाषा वापरली की आपले काम होते. संगणकांचेही असेच असते.

मोठ्या कंपनीत रोज शेकडो ई-मेल येतात. ते एका मुख्य संगणकावर जमा होतात. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे जणू कंपनीचे टपाल कार्यालय. कर्मचाऱ्याच्या टेबलावरील संगणकात एक प्रोग्रॅम असतो. तो सर्व्हरवरून पत्रे आणतो आणि आपली पत्रे तेथे पोहोचवतो. त्याला क्लायंट म्हणतात. हा जणू आपला पोस्टमन.

अनेक कंपन्यांत मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज नावाचा सर्व्हर असतो. काही कर्मचारी मात्र लिनक्स वापरतात. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा तयार करून लोकांसमोर ठेवला. लिनक्सवर एव्होल्यूशन आणि थंडरबर्ड हे क्लायंट मोफत मिळतात. मग लिनक्सवरचा पोस्टमन एक्स्चेंजशी कोणत्या भाषेत बोलतो?

ई-मेलसाठी काही सामाईक नियम ठरलेले आहेत. पत्र पाठवण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. ते १९८२ साली प्रसिद्ध झाले. सर्व्हरवरील पत्रे वाचण्याचे नियम म्हणजे आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ते १९८६ साली तयार केले. हे नियम कोणीही वाचावेत आणि वापरावेत, असे खुले आहेत.

पण एक्स्चेंजमध्ये पत्रांबरोबर सभांच्या तारखा आणि सर्वांचे पत्तेही असतात. त्यासाठी त्याची वेगळी, खासगी भाषा होती. ती न समजल्यामुळे लिनक्सवाल्याला पत्र मिळे, पण सभेची तारीख दिसत नसे. पुढे झिमियन कंपनीने एव्होल्यूशनसाठी एक दुभाषा प्रोग्रॅम काढला. तो विकत घ्यावा लागे. २००४ साली नोव्हेल कंपनीने तो सर्वांना खुला केला. एक्स्चेंजच्या २००७ या आवृत्तीत तर मायक्रोसॉफ्टनेच बोलण्याचा एक नवा मार्ग दिला. त्यामुळे एव्होल्यूशनला सभांच्या तारखाही वाचता येऊ लागल्या.

आता जोडणी कशी करतात ते पाहू. प्रथम कंपनीच्या संगणक व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी. आयमॅप चालू आहे का, हेही त्यांनाच विचारावे. मग क्लायंटमध्ये आपला ई-मेल पत्ता आणि सर्व्हरचे नाव लिहावे. त्यानंतर पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक द्यावा. सुरक्षितपणे वाचण्यासाठी साधारणतः ९९३ आणि पाठवण्यासाठी ५८७ हा क्रमांक असतो. टीएलएस नावाची सुरक्षा चालू ठेवावी. तिच्यामुळे पत्र जणू बंद पाकिटातून जाते आणि वाटेत कोणाला वाचता येत नाही.

शेवटी आपली ओळख पटवावी लागते. मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेटवरील एक्स्चेंज सेवेत नुसत्या पासवर्डवर पत्रे वाचू देणे ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला सुरुवात केली. तेथे कंपनीच्या पानावर जाऊन ओळख द्यावी लागते. कधी फोनवर आलेला अंकही द्यावा लागतो. तो अंक दुसऱ्या कोणालाही सांगू नये.

कधी कधी ‘या सर्व्हरची खात्री पटत नाही’ अशी सूचना दिसते. तेव्हा घाईने ‘होय’ म्हणू नका. समोरचा सर्व्हर खोटा असला, तर तुमचा पासवर्ड चोराच्या हाती जाईल आणि संपूर्ण कंपनीचे टपाल धोक्यात येईल. अशा वेळी थांबा आणि व्यवस्थापकांना विचारा.

मुलांनो, पत्र गुप्त असावे, पण ते पोहोचवण्याचे नियम सर्वांना माहीत असावेत. नियम खुले असले, म्हणजे महागड्या सर्व्हरशी मोफत मिळालेला प्रोग्रॅमही बरोबरीने बोलू शकतो.