संसार... व्हाया ठाणे!

केरळ झालं, मनाली झालं, हाऊसबोटीतले फोटो इन्स्टावर टाकून झाले. लाइक्सचा पाऊसही पडला. मग? मग सोमवार उजाडतो, बॉस! डोंबिवली-कल्याणकडच्या नव्या जोडप्यांचा खरा संसार सुरू होतो तो या सोमवारी सकाळी, प्लॅटफॉर्मवर. ज्याच्यासोबत सात पावलं चालून आलो, त्याला 'चल, बाय' म्हणत आपण लेडीज डब्याकडे पळायचं आणि त्याने जनरलकडे. गाडी एकच, मध्ये मात्र शे-दोनशे माणसं.

मी माहेरची ठाणेकर. लग्न ठरलं तेव्हा आत्या आईला म्हणाली, "लांब दिलीस गं पोरीला!" अंतर किती? जेमतेम १५ किलोमीटर! पण पक्क्या ठाणेकराच्या डोक्यात खाडी ओलांडली की परदेश सुरू होतो. डोंबिवलीकरही काही कमी नाहीत. सासरी पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं गेलं, "आमच्याकडे सगळं चालत जाता येतं हो, तुमच्या ठाण्यासारखं रिक्षावर अवलंबून नाही."

खरं तर या दोन्ही मंडळींची सोयरीक रेल्वेने केव्हाच जुळवून दिलीय. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. म्हणजे आमच्यासारख्या लग्नांची सोय तेव्हापासूनच झालेली!

डबे दोन, डबा एक

आमची सकाळी सव्वाआठच्या आसपासची फास्ट. नवरा ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला आणि मी पुढे घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. आज हे सहज वाटतं, पण ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये आणि घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये. त्याआधी डोंबिवलीहून अंधेरी गाठणाऱ्या सुनांना दादरच्या पुलावर रोज कुस्ती खेळायला लागायची. त्यांना आपला सलाम!

लेडीज डबा म्हणजे नव्या नवरीचं दुसरं सासर. "मेंदी अजून उतरली नाही वाटतं?" इथून चौकशी सुरू होते आणि मुलुंड येईपर्यंत सासू, नणंद, पगार, ईएमआय सगळं बाहेर! पण याच डब्यात हळदीकुंकू होतं, वाढदिवसाचे केक कापले जातात, डोहाळजेवणंसुद्धा होतात. मध्य रेल्वेवर लेडीज स्पेशल १९९२ साली कल्याणहूनच सुरू झाली. तिच्यातून रिटायर झालेल्या एका काकूंनी मला दिलेला मंत्र ऐका, "घरी जो आधी पोचेल त्याने कुकर लावायचा. बाई-पुरुष बघायचं नाही, घड्याळ बघायचं."

आमच्या वन-बीएचकेत हा कायदा लगेच लागू झाला. सासर ईस्टला आणि आम्ही वेस्टला भाड्याने. डोंबिवलीत हा फाळणीइतका मोठा प्रश्न असतो, पण पूल ओलांडला की आईंच्या हातची आमटी मिळते, म्हणून तक्रार नाही. नवरा बहुतेक वेळा आधी पोचतो, त्यामुळे तो वरण-भात उत्तम करायला शिकला. पोळ्या मात्र पोळीभाजी केंद्राच्या. डोंबिवलीत ज्याला पोळीभाजी केंद्र माहीत नाही, तो एकतर आजच राहायला आलाय किंवा त्याची बायको सुपरवुमन आहे!

फडके रोड की राम मारुती रोड?

पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी लढाई पैशावरून होत नाही, सणांवरून होते. पहिली दिवाळी! नरकचतुर्दशीच्या सकाळी अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर उतरते. गणेश मंदिरात दर्शन, मग शाळा-कॉलेजातल्या दोस्तांच्या गाठीभेटी. कित्येक लग्नांची पहिली नजरानजर याच रस्त्यावर झालेली. नवऱ्याच्या मते फडके रोड चुकवणं म्हणजे दिवाळीच न करणं.

पण मी ठाण्याची! आमची पहाट राम मारुती रोड आणि तलावपाळीची. तिथे माझी अख्खी गँग वाट बघत असणार, शिवाय जावयाचा दिवाळसण! दोन दिवस घरात तहाच्या वाटाघाटी चालल्या. शेवटी तोडगा असा निघाला: सहाला अभ्यंगस्नान, सातला फडके रोड, साडेआठची लोकल आणि साडेनऊला तलावपाळी. मी नऊवारीत, नवरा सोवळ्यासारखा जपलेल्या सिल्क कुर्त्यात. ठाण्याला उतरेपर्यंत कुर्त्याचं पोतेरं झालं होतं, पण दोन्ही शहरं खूश!

गुढीपाडव्याला मात्र मी निमूट शरण गेले. नववर्षाची स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीतच सुरू झाली आणि मग ती प्रथा ठाण्यासह सगळीकडे पोचली. याबाबतीत डोंबिवलीकरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

राणीचं नाव आधी!

वीकएंडला मॉल आणि मल्टिप्लेक्स सगळेच करतात. आमचा फंडा वेगळा. एका हिवाळी रविवारी पहाटे बाइक काढली आणि कल्याण-मुरबाड रस्त्याने थेट वैशाखरे गाठलं. तिथून वर चढतो नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठं बंदर होतं आणि तिथे उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे जायचा. वर एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. म्हणजे कल्याणहून रोज घाम गाळत वर-खाली करणारे आपण पहिले नव्हेच!

घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या, आता फक्त त्यांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरलीत. गंमत म्हणजे नागनिका आणि तिचा नवरा सातकर्णी यांची नावं एकत्र कोरलेली आहेत आणि त्यात आधी राणीचं नाव आहे, मग राजाचं! आमच्या दारावरच्या पाटीचा प्रश्न महिनाभर पडून होता. तो तिथेच निकालात निघाला. नवऱ्याने सातवाहनांपुढे हात टेकले.

'पोचलास का?'

आता जरा सीरियस. आमची खरी भांडणं पाटीवरून किंवा दिवाळीवरून नाही झाली. ती झाली दरवाजावरून. नवरा फास्ट लोकलच्या दारात उभा राहायचा. 'आत घुसलो तर ठाण्याला उतरता येत नाही' हे त्याचं लॉजिक, आणि ते चूकही नव्हतं. मी बोलायचे, तो हसायचा. "कॉलेजपासून असाच जातोय गं."

९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये, वळणावर, विरुद्ध दिशेच्या दोन खचाखच भरलेल्या लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. त्या सकाळी मी लवकरच्या गाडीने पुढे आले होते, तो मागून येणार होता. बातमी मोबाइलवर आली आणि मी 'पोचलास का?' असा मेसेज टाकला. एकच टिक. फोन लागेना. डेस्कवर बसून मी त्या एका टिककडे पन्नास मिनिटं बघत होते. पन्नास मिनिटांत माणूस काय काय विचार करतो, ते मी लिहिणार नाही.

त्याचा फोन आला तो ऑफिसच्या लँडलाइनवरून. गाड्या खोळंबल्या होत्या आणि मोबाइलची बॅटरी संपली होती. एवढंच! पण रात्री कुकर कोणीच लावला नाही. बराच वेळ आम्ही नुसते बसून होतो. मग तोच म्हणाला, "उद्यापासून दारात नाही."

स्लो गाडीचा फंडा

नुसतं म्हणून गर्दी कमी होत नाही, उपाय शोधायला लागतो. ठाण्यात घर? भाडं ऐकून आम्ही हात जोडले. शेवटी टाइमटेबल घेऊन बसलो आणि डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो निवडली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असं सगळं घेत जाते. त्याला ठाण्यापर्यंत आठ-दहा मिनिटं जास्त लागतात, मला घाटकोपरपर्यंत आणखी जास्त. गजर पाऊण तास आधी लावायला लागतो. पण गाडी इथूनच सुटते म्हणून वेळेत गेलं तर बसायला मिळतं. आणि मी लेडीज डबा सोडून जनरलमध्ये त्याच्या शेजारी बसते. काकू मंडळींनी आधी चिडवलं, मग माफ केलं. शुक्रवारी मात्र मी त्यांच्याच डब्यात, असं ठरलंय.

रोजचा जवळपास अर्धा तास, आठवड्याचे चार दिवस. हिशेब करा, दोन तास झाले! एवढ्यात महिन्याचं बजेट ठरतं, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ते ठरतं, कधी कधी नुसती त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपही होते. मुंब्र्याला खिडकीतून एका बाजूला डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला खाडी. तिथे आम्ही दोघंही जरा गप्प होतो.

नव्या जोडप्यांनो, फॉरेनची टूर जमेल तेव्हा करा. त्याआधी एकदा आपल्या स्टेशनवरून सुटणारी स्लो गाडी शोधून बघा. फास्ट चुकली तर दुसरी येते. आणि ऑफिसात पोचल्यावर आधी एक मेसेज टाका, 'पोचलो'. मग कॉफी.