कागदी गोळ्यातले शेवंतीचे फूल

शोभेच्या दारूचे गोळे आकाशात उंच फोडण्याची कला चीन, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणी वाढली; मात्र फुटलेला गोळा कोणत्याही दिशेने पाहिला तरी सारखाच वाटोळा दिसला पाहिजे, हा आग्रह जपानी कारागिरांइतक्या चिकाटीने इतरत्र क्वचितच धरला गेला. इटली आणि माल्टा येथील कारागिरांनी दंडगोल आकाराच्या गोळ्यांवर मेहनत घेतली; त्यांत एकावर एक रचलेले कप्पे क्रमाने फुटत जातात आणि एकाच गोळ्यातून अनेक निराळी दृश्ये उलगडतात. जपानी कारागिराने तो पसारा टाळून आपले सगळे कौशल्य एका वर्तुळावर पणाला लावले.

या गोळ्याचे कवच म्हणजे जाड कागदाच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. त्यांच्या आतील भिंतीला लागून रंगीत प्रकाश देणाऱ्या दारूच्या गोट्या, ज्यांना जपानीत ‘होशी’ म्हणजे तारे म्हणतात, एकमेकींना खेटून मांडल्या जातात, आणि मधल्या पोकळीत गोळा फोडणारी दारू भरली जाते. ही दारू भाताच्या तुसावर किंवा सरकीवर चढवलेली असते, कारण दाण्यादाण्यांमध्ये राहिलेल्या फटींतून ज्वाला क्षणार्धात सर्वत्र पोहोचते आणि सर्व तारे एकाच वेळी पेट घेतात. वाट्या जुळवल्यावर बाहेरून कागदाचे थरावर थर चिकटवले जातात. हे काम दिसायला किरकोळ असले तरी निर्णायक आहे. कवच कुठे कच्चे राहिले तर स्फोटाचा जोर त्या बाजूने निसटतो आणि फूल एका अंगाने लवंडते. तयार गोळा उभ्या नळ्यात सोडतात, त्याच्या खालची दारू त्याला वर फेकते आणि त्याच वेळी पेटलेली वात, गोळ्याची चढण संपण्याच्या सुमारास, आतल्या दारूपर्यंत पोहोचते.

तारे घडवण्याची रीत मराठी वाचकाला संक्रांतीच्या काटेरी हलव्यावरून सहज समजेल: बारीक दाणा फिरत्या भांड्यात घोळवून त्यावर ओलसर दारूचा पातळ थर चढवायचा, तो वाळू द्यायचा आणि मग पुढचा थर द्यायचा. हे काम कित्येक दिवस चालते, आणि प्रत्येक थराचे मिश्रण बदलता येत असल्याने जळताना तारा बाहेरून आत रंग पालटत जातो. अर्थात, हा पालट शेकडो ताऱ्यांत एकाच क्षणी घडायचा असेल तर प्रत्येक थराची जाडी जवळपास सारखीच हवी.

गोळा कसा फुटतो यावरून जपानी कारागीर दोन मुख्य जाती मानतात. ‘वारिमोनो’ जातीत मधली दारू जोरदार असते आणि तारे सर्व दिशांना फेकले जातात. ‘पोकामोनो’ जातीत ती बेताची असते, त्यामुळे गोळा जणू फक्त उघडतो आणि आतील ऐवज खाली सोडतो. पहिल्या जातीतले सर्वांत प्रतिष्ठित रूप ‘किकू’ म्हणजे शेवंती होय; त्यातील प्रत्येक तारा मागे ठिणग्यांची शेपटी ठेवत जातो आणि या रेषांनी पाकळ्या आखल्या जातात. ‘बोतान’ म्हणजे पिओनीच्या फुलात शेपटी नसते, केवळ रंगीत ठिपके पसरतात, म्हणून तिचा रंग अधिक स्वच्छ दिसतो. ‘कामुरो’मध्ये ताऱ्यांत कोळशाचे प्रमाण मोठे असते, ते सावकाश जळतात आणि त्यांच्या सोनेरी रेषा खाली वाकत बराच वेळ टिकून राहतात, ‘सेनरिन’मध्ये मोठ्या गोळ्यातून विखुरलेले अनेक लहान गोळे किंचित उशिराने एकदम फुलतात, तर ‘हाची’ म्हणजे मधमाश्यांत छोट्या नळ्या स्वतःभोवती गरगरत वाटेल तशा पळतात. फुलपाखरू किंवा हसरा चेहरा दाखवणारे गोळेही लोकप्रिय आहेत, पण त्यांचे चित्र सपाट असते; गोळा वर जाताना फिरतो, आणि चित्राची कड प्रेक्षकाकडे आली तर नुसती एक रेघ दिसते, म्हणून असे गोळे सहसा एकाहून अधिक सोडले जातात. शेवंतीच्या पोटात निराळ्या रंगाचे दुसरे वर्तुळ बसवणे ही यापेक्षा कितीतरी अवघड करामत असून, नागानो प्रांतातील आओकी गिसाकू यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. आज एकात एक चार-पाच वर्तुळे असलेले गोळेही बनतात.

एदो काळात, म्हणजे १८६८पूर्वी, हे रंग नव्हते. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून तांबूस सोनेरी उजेड तेवढा मिळे आणि एदो शहरातील (आजचे टोकियो) सुमिदा नदीवर कागिया आणि तामाया ही दोन घराणी त्यावरच लोकांना रिझवत. १८४३मध्ये तामायाच्या कारखान्याला आग लागून आसपासची वस्ती जळाली आणि त्या घराण्याला शहराबाहेर काढण्यात आले. तरीही गोळा फुटला की ‘तामाया!’ अशी आरोळी देण्याची रीत मात्र लोकांनी सोडली नाही. त्यानंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य देशांतून पोटॅशियम क्लोरेट आले आणि स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा असे रंग हाती लागले. निळा सर्वांत हट्टी ठरला. तो तांबे आणि क्लोरीन यांच्या संयुगामुळे मिळतो, पण ज्वाला फार तापली तर ते संयुगच मोडते आणि रंग फिका पडतो. उलट ज्वाला थंड ठेवावी तर उजेड कमी होतो.

गोळ्याचे माप ‘गो’ या एककात सांगतात आणि एक गो म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर व्यास. १० गोचा गोळा सुमारे ३०० मीटर उंच जाऊन जवळपास तितक्याच व्यासाचे फूल उघडतो. निइगाता प्रांतातील काताकाई गावी सप्टेंबरमधील देवळाच्या उत्सवात उडणारा ४० गोचा गोळा तर सुमारे ४२० किलो वजनाचा असतो. महाराष्ट्रात दिवाळीला गच्चीवर उडणाऱ्या ‘शॉट’च्या खोक्यांतही तत्त्व हेच आहे, पण त्या चिमुकल्या नळ्यांत तारे मांडायला जागाच नसते, त्यामुळे तिथे वर्तुळाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

जाणकार मात्र आकारापेक्षा चार गोष्टी पाहतो: गोळा चढण संपतानाच, न डगमगता फुटला का, वर्तुळ पूर्ण भरले का, तारे शेवटपर्यंत जोराने सरळ गेले का, आणि सगळे एकदम विझले का. एखादा तारा पेटलाच नाही तर वर्तुळात भोक दिसते आणि एखादा मागे रेंगाळला तरी गुण जातात. अकिता प्रांतातील ओमागारी येथे १९१० पासून भरणाऱ्या स्पर्धेत याच कसोट्या लागतात आणि तिथे गोळा ज्याने बनवला त्यानेच तो उडवायचा असा नियम असल्याने, भोक दिसले तर बोट दाखवायला दुसरा कोणी उरत नाही.