हिवतापाची गोळी आणि पावाचे यीस्ट

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप आला की आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिवतापाची तपासणी करतात. फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा परजीवी निघाला, तर तीन दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट मिळते. वयोगटानुसार त्याचा रंग वेगळा असतो. या गोळ्यांमधले मुख्य औषध आर्टेमिसिनिनपासून तयार होते. ते येते कुठून, हे आपल्याला ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

ते एका झुडपातून येते. हे झुडूप मूळचे चीनचे, आपल्या दवण्याच्या जवळच्या नात्यातले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1967 साली चीन सरकारने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. तिच्या एका गटाच्या प्रमुख होत्या यूयू तू. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही, विज्ञान अकादमीचे सदस्यत्व नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात हे झुडूप पाण्यात भिजवून, पिळून रस पिण्याची कृती त्यांना सापडली. उकळायचे नाही! उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ताडले आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. 1971 साली तो प्राण्यांवर लागू पडला. माणसांना देण्याआधी त्यांनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. नोबेल मिळायला मात्र 2015 साल उजाडले.

आता जरा रसायनाकडे वळू. आर्टेमिसिनिन हे आयसोप्रेनॉइड नावाच्या मोठ्या घराण्यातले. या घराण्याची वीट एकच, पाच कार्बन अणूंची. तीन विटा जोडल्या की पंधरा कार्बनचा सांगाडा होतो. आर्टेमिसिनिन त्यावरच उभे आहे आणि दवण्याचा वासही. आठ विटांत गाजराचा केशरी रंग, हजारो विटांत रबर. आपल्या शरीरातले कोलेस्टेरॉलही याच विटांतून घडते. हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्या हीच वाट सुरुवातीलाच अडवतात. गंमत म्हणजे हिवतापाचा परजीवीही या विटा बनवतो, पण आपल्याहून निराळ्या मार्गाने. म्हणून त्या मार्गावर घाव घालणारी औषधेही शोधली जात आहेत.

पावाचे यीस्टसुद्धा स्वतःच्या पेशीच्या आवरणासाठी तो पंधरा कार्बनचा सांगाडा बनवतेच. मग झुडपातली जनुके त्यात घातली तर? अमेरिकेत बर्कलीचे जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. यीस्टमधला विटांचा कारखाना वाढवला, आवरणाकडे जाणारा माल कमी केला आणि उरलेला झुडपाच्या जनुकांकडे वळवला. 2006 साली एका लिटरमागे सुमारे 100 मिलिग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळाले. 2013 साली 25 ग्रॅम. त्यापासून पुढे आर्टेमिसिनिन रासायनिक पद्धतीने बनते. विद्यापीठाने या औषधासाठी स्वामित्वधन मागितले नाही. 2013 मध्येच सानोफी कंपनीने इटलीत कारखाना सुरू केला.

आणि तो थांबला. झुडपाची लावणी केल्यापासून औषध हाती येईपर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो, त्यामुळे भाव झोके घेतो. कधी तो किलोला हजार डॉलरच्या आसपास गेला, तर कधी अडीचशेच्याही खाली आला. यीस्टचे आर्टेमिसिनिन साडेतीनशेच्या खाली परवडत नव्हते. 2015 साली कारखान्यात काहीच उत्पादन झाले नाही, नंतर तो विकला गेला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना यीस्टची धास्ती होती, ती तेवढ्यापुरती टळली. पण भाव कोसळला की तेच शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळतात आणि पुढे औषधाचा तुटवडा पडतो. रोग्याला गोळी स्वस्त हवी, शेतकऱ्याला भाव हवा. यातला मेळ प्रयोगशाळेत बसत नाही, तो सरकारांनी आधीच ठरलेल्या खरेदीतून बसवावा, असे आमचे मत आहे.

तुमच्या घरापुरते दोन शब्द. हे औषध झपाट्याने काम करते, पण काही तासांत शरीरातून निघून जाते. म्हणून त्याच्यासोबत दुसरे औषध जोडलेले असते. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नका, तिन्ही दिवस घ्या. अर्धवट उपचारातून वाचलेला परजीवी औषधाला दाद देईनासा होतो; कंबोडियात आणि आता आफ्रिकेतही तशी लक्षणे दिसली आहेत. या झुडपाच्या पाल्याचा चहाही कोणी देऊ केला तर घेऊ नका. त्यात औषध किती उतरले, हे पिणाऱ्याला कळत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही त्याला नकार आहे.