आकडा मोठा, भोक लहान

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्याच आठवड्यात एक कोडं पडतं. एफ २.८ चा आकडा वाढवत एफ १६ वर नेला, तर फोटो उजळायच्या ऐवजी काळाच पडला! अनेकजण इथेच कंटाळतात आणि चाक पुन्हा ‘ऑटो’वर नेऊन ठेवतात. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण सगळं अडलेलं असतं एका भागाकारापाशी.

शाळेत भिंगाच्या धड्यात नाभीय अंतर शिकलो होतो, तीच लेन्सची फोकल लेन्थ. तिला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या व्यासाने भागलं की आला एफ-नंबर. ५० मिमीच्या लेन्सचं भोक २५ मिमी असेल तर एफ २, साडेबारा मिमी असेल तर एफ ४. भाजक लहान झाला की उत्तर मोठं येणारच.

मग १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र रांग कुठून आली? भोक गोल असतं आणि उजेड येतो तो क्षेत्रफळाच्या हिशोबाने. व्यास निम्मा केला तर उजेड पावच उरतो. उजेड निम्मा हवा असेल तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, साधारण १.४ ने भागावं लागतं. म्हणून रांगेतली प्रत्येक पायरी, फोटोग्राफरांच्या भाषेत ‘स्टॉप’, उजेड निम्मा करते. उजेड किती वेळ आत येणार हे ठरवणारं शटरही असंच निम्म्या-दुपटीने चालतं. त्यामुळे एफ १६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग, किंवा एफ ५.६ आणि १००० वा भाग, उजेड सारखाच. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १०० च्या आसपास ठेवून लख्ख उन्हात यातलं काहीही चालतं.

उजेड सारखा, फोटो मात्र सारखे नाहीत. आजीचा फोटो फुलफ्रेम कॅमेऱ्यावर, ५० मिमीच्या लेन्सने, मीटरभर अंतरावरून एफ १.८ वर काढून बघा. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा. डोळ्यांभोवतीची सुरकुती न् सुरकुती दिसते, कानातल्या कुड्या धूसर होतात. एफ १६ वर कुड्याही स्पष्ट आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही बरंचसं ओळखू येणारं.

‘माझ्या मोबाइलवरही १.८ लिहिलंय,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेन्थ असते सहा-सात मिमी. भागाकार करा: भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. ५० मिमीच्या लेन्सचं तेच भोक दहा रुपयांच्या नाण्याएवढं भरतं. म्हणून मोबाइलला मागचं धूसर करायला ‘पोर्ट्रेट मोड’मध्ये गणित करावं लागतं, आणि ते अनेकदा चुकतं ते सुटलेल्या केसांच्या बटांवर, चष्म्याच्या काडीवर.

कॅमेरा घरात पडून असेल तर आज बाहेर काढा. चाक ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा, म्हणजे एफ-नंबर तुम्ही निवडाल आणि शटर कॅमेरा सांभाळेल; घरातल्या एकाला खिडकीपाशी बसवा आणि ५.६, ८, ११ असे तीन फोटो काढून शेजारी शेजारी ठेवून बघा.